घरच्यांची पंगत शेवटी

सुहास चाळके राज्याचा ऊर्जामंत्री झाला त्या दिवशी गावात पेढ्यांची खोकी आली, आणि त्याच्या थोरल्या बहिणीने, मालनआक्काने, त्यातला एक पेढासुद्धा भावाच्या हाताला लागू दिला नाही. "आधी गावाला जाऊ दे," ती म्हणाली. गाव म्हणजे पठारावरची दीडशेक घरं, चहूबाजूंनी पवनचक्क्या. वाटता वाटता खोकी रिकामी झाली, तेव्हा तळाचा भुगा तिने चिमटीत धरून त्याच्या तोंडात घातला. टीव्हीवाल्यांनी नेमका तेवढाच क्षण टिपला आणि सुहासला जन्मभर पुरेल असं भाषण मिळालं.

"आमच्या घरात एक रीत आहे," तो सभेसभेतून सांगायचा. "कार्य कुठलंही असो, घरच्यांची पंगत शेवटी. आधी गाव जेवणार, मग आम्ही. उरलं तर उरलं. विजेचंही तसंच करायचं. तुटवडा आला तर पहिला अंधार मंत्र्याच्या बंगल्यात होईल."

टाळ्या पडायच्या. पडणारच, असं बोलणारा मंत्री लोकांनी बघितला कुठे होता? आणि खरं सांगायचं तर गडी नुसता बोलत नव्हता, मनापासून मानत होता. पुढे जे झालं त्याचं जास्त वाईट वाटतं ते त्यामुळेच. ढोंगी माणसाचं असं काही होत नाही, तो आपला सुखाने निभावून जातो.

आईवडील लवकर गेले, तेव्हा सुहासला आक्कानेच वाढवलं. ती गावात आचारीण होती. लग्न असो, बारसं असो, जत्रेचा भंडारा असो, मोठ्या चुलीपुढे आक्काच. तीस वर्षं लाकडाचा धूर छातीत भरून घेतला त्याची फेड फुप्फुसांनी केली. साठीच्या आतच तिला श्वास पुरेना. डॉक्टरांनी घरी प्राणवायूचं यंत्र ठेवायला सांगितलं. हवेतला प्राणवायू वेगळा काढून नळीने नाकात सोडणारं ते यंत्र विजेवर चालायचं आणि रात्रंदिवस घुर्र... फुस्स, घुर्र... फुस्स करायचं. सुहास मुंबईहून रोज फोन करायचा, तेव्हा आक्काच्या बोलण्यामागे तो आवाज असायचाच. सुरुवातीला त्याला तो खुपला. मग सवय झाली आणि ऐकू येईनासा झाला.

ही गोष्ट २०४३ सालची. कोळशावरची वीजघरं तोवर बंद झाली होती. दिवसा ऊन, पावसाळ्यात वारा, आणि जास्तीची वीज साठवायला बॅटऱ्या आणि डोंगरावरचे तलाव. दुपारच्या विजेने पाणी वर चढवायचं, संध्याकाळी खाली सोडून त्याच पाण्याने चक्रं फिरवायची. वीज स्वस्त झाली होती, हवा स्वच्छ झाली होती. अडचण एकच होती. ढग धरले आणि वाराही पडला, तर साठा तीन दिवस पुरायचा. चौथ्या दिवशी काय?

विधानसभेत विरोधी बाकांवरच्या निकमांनी हाच प्रश्न लावून धरला. त्यांचं म्हणणं, गॅसवरची मोठी राखीव वीजघरं बांधा.

"वर्षाकाठी पाचसात दिवसांची ती तूट," सुहास उभा राहून म्हणाला. "वर्षातून एकदा येणाऱ्या पाहुण्यासाठी बारा महिने लॉजची खोली भाड्याने घेऊन ठेवता का तुम्ही? ते भाडं गरिबाच्या बिलात येणार आहे, निकमसाहेब."

"पाहुणा नाही येत, मंत्रिमहोदय," निकम शांतपणे म्हणाले. "आजारपण येतं. आणि आजारपणासाठी गरीबसुद्धा चार पैसे बाजूला ठेवतो."

बोलणं वर्मी लागलं होतं. पण सुहासकडे उत्तर तयार होतं. त्याच्याकडे पारखी होता.

पारखी म्हणजे नवा मीटर. प्रत्येक यंत्राची वीज ओढायची आपली एक लकब असते. पाण्याची मोटर सुरू होताना एकदम मोठा घोट घेते आणि मग निवांत होते. फ्रिज थांबून थांबून पितो. गीझर बसल्या बसल्या अधाशासारखा ओढत राहतो. पारखी ही लकब ओळखायचा. तारेतून जाणाऱ्या विजेची बारीकसारीक थरथर सतत तपासून घरात या घडीला काय काय चालू आहे ते सांगायचा. तुटवड्याच्या वेळी जिथे गीझर आणि एसी चालू दिसतील त्या घरांची लाइन आधी तोडायची, मग बाकीच्यांची पाळीपाळीने. पण ज्या घरात प्राणवायूचं यंत्र चालू दिसेल, त्या घराला हात लावायचा नाही. म्हणजे राखीव वीजघर नको, वाढीव बिल नको आणि कुणाच्या जिवाला धोकाही नको.

पहिला पारखी सुहासने स्वतः जाऊन आपल्या गावात बसवला. आक्काने त्याची परीक्षा घेतली. तिने मिक्सर लावला, पडद्यावर अक्षरं आली: मिक्सर. इस्त्री लावली, इस्त्री. मग तिने आपलं यंत्र थोडा वेळ बंद करून पुन्हा सुरू केलं. घुर्र... फुस्स. पडद्यावर आलं: श्वासयंत्र.

"तुझ्यापरीस हुशार हाय की रं हा," आक्का म्हणाली. "तुला अजून आमटी अन् सार कळत न्हाई."

सुहास लहान पोरासारखा हसला. आपण या बाईच्या श्वासाची कायमची सोय केली, असं त्याला वाटलं आणि डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला तो अंगणात जाऊन पवनचक्क्या बघत उभा राहिला.

बाकी, खातरजमा म्हणून त्या उन्हाळ्यात आणखी एक काम निघालं. ज्या घरात खरोखर असं यंत्र आहे तिथे वायरमनने जाऊन बघायचं आणि मीटरला पिवळं सील लावायचं. सगळ्यांना वाटलं, याची काही गरज पडणार नाही. पारखीला कळतंच आहे.

दिवाळी सरली आणि अरबी समुद्रात एक वादळ येऊन जागच्या जागी बसलं. ना पुढे सरके, ना विरे. सगळ्या पश्चिम भारतावर राखाडी ढगांचं झाकण बसलं. शेजारची राज्यंही त्याच ढगाखाली, तेव्हा उसनी वीज मागायची कुणाकडे? पठारावर पानसुद्धा हलत नव्हतं. पवनचक्क्यांची पाती होती तशी थांबली.

पहिले तीन दिवस साठ्यावर गेले. पारखी चोख काम करत होता. ठरल्याप्रमाणे पहिला अंधार मंत्र्याच्या बंगल्यात झाला आणि सुहासचं कंदिलाच्या उजेडात फायली चाळतानाचं छायाचित्र गावोगाव फिरलं.

पण आपली माणसं कशी असतात ते मंत्र्याला ठाऊक असायला हवं होतं. वर्षभरापासून आठवडी बाजारात मोबाइलच्या चार्जरएवढी एक डबी मिळत होती. सॉकेटमध्ये खोचली की प्राणवायूच्या यंत्रासारखीच वीज ओढायची, त्याच लकबीने. लोक तिला श्वासडबी म्हणायचे. ती लावली की पारखी फसायचा आणि त्या घराची लाइन तोडायचा नाही. घेतली होती पुष्कळांनी, वापरायची वेळ आली नव्हती. आता आली. कुणी फ्रिजमधल्या दुधासाठी लावली, कुणी पोरांच्या अभ्यासासाठी, कुणी नुसतीच, शेजाऱ्याने लावली म्हणून. एका घराने काय होतंय, असं प्रत्येक घर म्हणालं.

चौथ्या दिवशी दिवेलागणीला सुहास भार नियंत्रण केंद्रात उभा होता. राज्याची सगळी वीज जिथून वाटली जाते ती ही जागा. तिथल्या प्रमुख फरीदा इनामदार वीस वर्षं याच खुर्चीवर होत्या आणि आवाज चढवणं त्यांना माहीत नव्हतं.

"सोमवारी राज्यात तीस हजार श्वासयंत्रं दिसत होती, साहेब," त्या म्हणाल्या. "आत्ता चार लाख दिसतायत."

"चार लाख लोक एकदम आजारी पडले?"

"डब्या आहेत. या घरांची लाइन पारखी तोडत नाही, म्हणून कपात पुरी होत नाहीये." त्यांनी भिंतीवरच्या काट्याकडे बोट दाखवलं. "मागणी जास्त आणि वीज कमी झाली की सगळ्या राज्यातल्या चक्रांची गती मंदावते. हा काटा त्या रेघेखाली गेला की यंत्रणा स्वतःला वाचवायला आपोआप बंद पडते. मग सगळं राज्य अंधारात, दवाखान्यांसकट. परत उभं करायला दोन दिवस लागतील."

"मग करायचं काय?"

"एकच उपाय आहे. यंत्राच्या लकबीवर विसंबायचं नाही. पिवळं सील असेल तेच घर खरं धरायचं. बाकीची सगळी तोडायची."

"सगळ्या खऱ्या पेशंटांना सील मिळालंय ना?"

"अहवालात तसं आहे," इनामदार म्हणाल्या, आणि थोडं थांबून पुढे म्हणाल्या, "अहवालात."

तो शब्द त्यांनी दोनदा का उच्चारला हे सुहासला कळलं. कळूनही त्याने काट्याकडे बघितलं. काटा रेघेवर टेकला होता. दवाखाने, शस्त्रक्रियेच्या टेबलावरची माणसं, काचेच्या पेटीतली तान्ही पोरं, हे सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. दुसरा कुठलाही भला माणूस तिथे असता तरी त्याने तेच केलं असतं.

"तोडा," तो म्हणाला.

काटा हळूहळू वर आला. केंद्रातल्या माणसांनी सुटकेचा श्वास टाकला, कुणीतरी चहा मागवला. सुहास बाजूच्या खोलीत गेला आणि त्याने गावी फोन लावला. आक्काच्या मीटरला सील असणारच. पण मन होतं, राहवलं नाही.

"आक्का, लाइट आहे ना?"

"हाय की."

"नक्की?"

"हाय म्हनलं न्हवं." ती जरा थांबली. "जेवलास का?"

"जेवतो आता. तू बरी आहेस ना?"

"मला काय झालंय... तू तुझं बघ. गावाचं बघ."

आणि फोन ठेवला. आक्का फोनवर कधीच लांबण लावायची नाही. सुहासच्या जिवाला बरं वाटलं. आज आवाजही किती स्वच्छ येत होता, एरवी नुसती खरखर असते. चार दिवसांत पहिल्यांदा तो पोटभर जेवला.

सकाळी शेजारच्या रेश्माचा फोन आला. रेश्मा म्हणजे आक्काच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरातली सून. तीच आक्काचं दुखलंखुपलं बघायची. तिला बोलताच येईना. नवऱ्याने फोन घेतला आणि म्हणाला, "साहेब, आक्का गेल्या."

घाट चढून सुहासची गाडी गावात पोचली. अंगणात सगळं गाव जमलं होतं आणि कुणीच त्याच्या नजरेला नजर देत नव्हतं. आक्काला न्हाऊमाखू घालून ठेवलं होतं. तिचे हात त्याने हातात घेतले. चुलीपुढे भाजलेले जुने डाग तसेच होते. तो तिथेच बसला आणि हमसून हमसून रडला. सुरक्षारक्षक पाठ फिरवून उभे राहिले.

सगळं उरकल्यावर रेश्मा त्याच्यापुढे येऊन बसली.

"दिवेलागणीला लाइन गेली," ती म्हणाली. "येवढे दिवस तुमच्या मीटरनं त्यांच्या घराला कधी हात लावला न्हवता. त्यामुळं यंत्राची बॅटरी कुणी बघितलीच न्हवती. ती फुगून गेलेली. मी ह्यांना गाडीवर तालुक्याला धाडलं, सिलिंडर आणायला. ॲम्ब्युलन्सला फोन लावला, ती घाटाखालनं यायची. मी म्हनलं, साहेबांना फोन करू, एका मिनिटात लाइन येईल. तर आक्का म्हनल्या, माझी शपथ हाय. एका घराची लाइन चालू केली तर त्याचं समदं खोटं पडंल."

"मी फोन केला होता," सुहास म्हणाला.

"तवा मी बाजूलाच व्हते, साहेब. अंधारात. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं व्हतं, मी बोलू नये म्हनून."

सुहासने विचारलं, "पण सील? सील होतं ना मीटरला?"

गर्दीत मागे उभा असलेला वायरमन शिंगटे पुढे आला. त्याची टोपी हातात होती.

"उन्हाळ्यात पहिला इथंच आलो व्हतो, साहेब. मंत्र्यांच्या बहिणीचं घर, म्हनलं पहिलं सील इथंच लावू. आक्कांनी चहा पाजला अन् लावू दिलं न्हाई. म्हनल्या, आधी गावाचं कर, घरच्यांची पंगत शेवटी. मी पठारावरची बाकीची घरं केली अन् सीलं संपली. नवीन आली तवर माझी बदली झालती." तो खाली बघत म्हणाला, "माझ्याकडनं राहून गेलं."

कुणावर ओरडायचं? ते वाक्य तर सुहासने राज्यभर पाठ करून घेतलं होतं.

रेश्मा अजून बसून होती. मग खालच्या मानेने म्हणाली, "आमच्या घरात बी डबी व्हती, साहेब. दुधासाठी." आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागली. सुहासने तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिच्यावर रागवावं असं त्याला वाटलंही, पण त्या रागात जीव नव्हता.

वादळ विरलं, ऊन पडलं, वारा सुटला. केंद्राचा अहवाल आला. राज्य अंधारात गेलं नाही. पाच दिवसांत बंद पडलेली जीवनावश्यक यंत्रं: शून्य. सील नसलेलं यंत्र खरं धरायचंच नाही, असं एकदा ठरल्यावर ते बंद पडल्याचं मोजणार कोण? पक्षातल्या लोकांनी अभिनंदनाचे फलक तयार करायला घेतले. बहिणीचं दुःख गिळून राज्य सांभाळणारा मंत्री, असा मजकूरही कुणीतरी सुचवला.

तेराव्याच्या सकाळी सुहासने गावाहून इनामदारांना फोन केला.

"तो शून्य काढा, बाई."

"काढून काय लिहू, साहेब?"

"एक लिहा. मालन चाळके."

"एकच असेल असं मला वाटत नाही," इनामदार म्हणाल्या.

"मग घरोघर माणसं पाठवा. प्रत्येकाचं नाव पाहिजे मला. सोमवारी सभागृहात मी स्वतः वाचणार आहे."

"निकमसाहेब तुम्हाला सोडणार नाहीत."

"नकोच सोडायला," सुहास म्हणाला. "त्यांचं म्हणणं खरं होतं. ऊन-वारा मी सोडणार नाही, पण आजारपणासाठी चार पैसे बाजूला ठेवायला हवे होते."

दुपारी अंगणात पंगती बसल्या. आक्काच्या हाताखाली शिकलेल्या बायकांनीच स्वयंपाक केला होता. सुहासने स्वतः आमटीची बादली घेतली आणि वाढत सुटला. कुणीतरी नको साहेब म्हणालं, त्याने ऐकलं नाही. दुसऱ्या पंगतीत वाढता वाढता तो मध्येच थांबला आणि म्हणाला, "राखीव वीजघरं बांधायची म्हणतोय. सगळ्यांचं बिल वाढेल."

कडेच्या पानावरून एकाने विचारलं, "किती?"

सुहासला राग आला नाही. हाच प्रश्न आजवर तो त्यांच्या वतीने विचारत आला होता.

"युनिटमागे चाळीस पैसे."

"हं," म्हणून त्या माणसाने द्रोण पुढे केला आणि सुहासने त्यात आमटी वाढली.

शेवटची पंगत बसायला वेळ होता, तेव्हा तो हात धुऊन आक्काच्या खोलीत गेला. यंत्र कोपऱ्यात होतं. नळी कुणीतरी नीट गुंडाळून वर ठेवली होती. का कोण जाणे, त्याने बटण दाबलं. घुर्र... फुस्स. घुर्र... फुस्स. दाराशेजारच्या भिंतीवर पारखीच्या पडद्यावर लगेच अक्षरं उमटली: श्वासयंत्र.

त्या दिवशीचा फोन त्याला शब्दन् शब्द आठवत होता. हाय की. जेवलास का. तू तुझं बघ. आणि त्या शब्दांच्या मागे काही नव्हतं. वर्षानुवर्षं तिच्या बोलण्यामागे असलेला हा आवाज त्या संध्याकाळी नव्हता आणि त्याला वाटलं होतं, आज आवाज किती स्वच्छ येतोय.

तो कॉटच्या कडेला बसून ऐकत राहिला. यंत्र रिकाम्या खोलीत प्राणवायू सोडत होतं.

"साहेब," रेश्मा दारातून हळूच म्हणाली, "गाव जेवलं. घरच्यांचं पान वाढलंय."

"आलो," तो म्हणाला आणि उठला. बटणापर्यंत हात गेला, पण त्याच्याने ते बंद करवेना.